अक्काची सुरगाठ

फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गुणाकार मांडत होते. नंबर हैदराबादचा, अनोळखी. पलीकडून एक पोरगी रडत रडत हिंदीत काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. एवढंच कळलं की मॅडम सकाळी चहा घेताना छातीत जळजळतंय म्हणाल्या, लॅबमधल्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसल्या, आणि आता उठतच नाहीयेत... मी काय म्हणावं? मी म्हणाले, "अगं, मग तोंडावर पाणी मारा की!" बाई मेलीय हे ती पोरगी मला सांगत होती आणि मी तिला पाणी मारायला सांगत होते. ती गप्प झाली. त्या गप्प होण्यातच मला सगळं कळलं. वर्गातली लेकरं वह्या उघडून बसली होती आणि फळ्यावरचा गुणाकार अर्धाच राहिला होता.

महिना उलटून गेला आता. लोक येऊन भेटून गेले, "लई हुशार बाई होती," म्हणून गेले. पेपरात चार ओळी आल्या, त्यात तिला 'शास्त्रज्ञ' म्हटलं होतं. ते खोटं नाही. पण ती शास्त्रज्ञ व्हायच्या आधीपासून माझी अक्का होती, म्हणून हे मी लिहितेय. मी तोंडाची फटकळ आहे, गोड लिहिता येत नाही मला. कुणाला काही लागलं तर अक्काकडं बघून सोडून द्यावं.

अक्का माझी नणंद, आणि त्याआधी माझी आतेबहीण. आमच्या भागात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क समजतात. माझं माहेर मुडबी आणि सासर हळ्ळीखेड, पण मी परक्या घरी गेले असं कधी वाटलंच नाही, कारण सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. घरात सगळे तिला अव्वा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. सुट्टीत अक्का मुडबीला आमच्याकडं यायची. माझ्या डोक्याला तेल थापून दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. मी ओरडले की म्हणायची, "गप बस, शैले. भाल्कीपर्यंत गेलीस तरी सुटायची न्हाई ही." पुढं मला बाहेरची स्थळं यायला लागली, तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं. ती हैदराबादला शिकत होती, खास त्यासाठी गावी आली आणि अव्वापुढं ठाण मांडून बसली. "शैली दुसऱ्याच्या घरी जायची न्हाई. आमच्याच घरी येणार." नणंदेनं हट्ट करून आणलेली भावजय मी. जगात नणंदा भावजयीला पाण्यात बघतात. माझ्या नणंदेनं मला मागून घेतलं.

अक्का शिकायला हैदराबादला, आणि तिची अव्वा हळ्ळीखेडला. म्हणजे आठवड्याला एक गाठोडं ठरलेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी करडईच्या तेलात परतलेली मिरची. जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा फाडून अव्वानं दस्त्या केल्या होत्या, त्यात सगळं बांधायचं आणि हुमनाबादच्या स्टँडवर हैदराबादच्या बसच्या कंडक्टरच्या हवाली करायचं. कंडक्टर ते टपावर फेकणार, कुणाच्या पायाखाली जाणार, म्हणून अव्वा निरगाठ मारायची. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. दस्तीचं एक टोक दातात धरून अशी आवळायची की गाठीचा दगड व्हायचा. गाठोडं न सांडता पोचायचं हे खरं. पण पोचलं की अक्काला ते सुटायचं नाही! दातानं ओढायची, पेन घालून बघायची, शेवटी कात्री. भुकेनं कळवळलेली पोरगी समोर भाकरी असून अर्धा तास गाठीशी झटायची आणि मग दस्ती कापायची. गावी आली की अव्वा विचारायची, "दस्ती कामून फाडलीस गं?"

"मग काय करू? सुरगाठ मारावं की अव्वा. एक टोक ओढलं की सुटती."

"आणि वाटंतच सुटली तर? माझं लेकरू उपाशी ऱ्हाऊ दे व्हय?"

हे भांडण मी इतक्यांदा ऐकलंय की दोघींची वाक्यं मला पाठ होती. शेवटी अक्काच हात झटकायची आणि कानडीत म्हणायची, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. हे तिचं पालुपद होतं. दूध उतू गेलं, होगली बिडु. बस चुकली, होगली बिडु. फक्त एका बाबतीत हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

माझी लेक नीला दुसरीत असताना जिन्यावर गुडघ्याला हात लावून चढायला लागली. आम्ही म्हणालो, अशक्तपणा असेल. मग ती सपाट अंगणात पडायला लागली. अक्कानं तिला हैदराबादला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि काही दिवसांनी आम्हाला समोर बसवून इंग्रजीत सांगितलं. अक्का मराठी करून सांगत होती. स्नायूंना लागणारं एक प्रथिन नीलाच्या अंगात तयारच होत नाही. ते कसं करायचं ही सूचना पेशीत जिथं लिहिलेली असते तिथंच चूक आहे. हात-पाय हळूहळू कमजोर होत जाणार. औषध नाही. इथवर ती नीट बोलली. मग डॉक्टर आणखी काही बोलले आणि अक्का थांबली... मी म्हणाले, "पुढं काय म्हणाले?" ती भिंतीकडं बघून म्हणाली, "आई आणि बाप दोघांत तीच चूक लपलेली असली, तरच लेकराला होतं. नात्यात लग्न झालं की तसं जुळायची शक्यता वाढती."

त्यानंतर ती माझ्याकडं बघेना. हुमनाबादपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसली. घरी आल्यावर चुलीपुढं एकदम म्हणाली, "मीच हट्ट धरला होता, शैले." मला असा राग आला! मी हातातलं उलथनं आपटलं. म्हणाले, "हट्ट धरला म्हणून मी इथं हाय. म्हणून नीला हाय. ती नको होती का तुला? सांग की, नको होती?" ती रडली. आयुष्यात मी तिला एवढंच रडताना बघितलं. मामाची पोरगी करणं ही साऱ्या गावाची रीत, आमच्या आधीच्या चार पिढ्यांची. चूक असेल तर ती रीतीची. पण रीतीला काय रडता येतं? ते रडणं अक्कानं आपल्याकडं घेतलं.

तोवर ती प्रयोगशाळेत जंतू मारणाऱ्या प्रथिनांच्या लहान साखळ्या बनवायची. पेप्टाइड म्हणतात त्याला. मण्यापुढं मणी ओवावा तसं एकेक अमिनो आम्ल जोडत मशीनवर साखळी तयार करायची. त्यात तिचं नाव झालं होतं. परत गेली आणि तिनं ते काम बाजूला सारलं. साखळ्या त्याच, पण आता त्यांच्याकडून दुसरं काम करून घ्यायचं होतं. काय, ते तिनं आमच्या स्वयंपाकघरात समजावलं, अव्वा भाकरी थापत असताना. डी.एन.ए. म्हणजे लांबच लांब दोरा, त्यावर सूचना लिहिलेली. चूक नसलेली सूचना लिहून असा दोरा नीलाच्या स्नायूच्या पेशीत पोचवायचा. पण उघडा दोरा रक्तात सोडला की रक्तातली पाचकं त्याचे तुकडे करतात. शिवाय दोऱ्यावर ऋण भार, पेशीच्या अंगावरही ऋण भार, म्हणून पेशी त्याला जवळ येऊ देत नाही. मग असे मणी घ्यायचे ज्यांच्यावर धन भार आहे. त्यांची साखळी दोऱ्याला जागोजाग चिकटते, भार मारून टाकते, आणि एवढा लांब दोरा आकसून गोळा होतो. धुळीच्या कणाहून कितीतरी लहान. मग तो गोळा पेशी आत घेते.

अव्वा म्हणाली, "म्हंजी गाठोडंच की गं."

"गाठोडंच, अव्वा."

पहिली दोन-तीन वर्षं तिचं गाठोडं पोचायचं आणि तिथंच पडून राहायचं. दोऱ्यात सूचना अशी असायची की पेशीनं ती वाचली की पेशी हिरवी उजळते, म्हणजे काम झालं की नाही ते दिसतं. पेशी गोळा आत घ्यायच्या, पण उजळायच्या नाहीत. वाटेत दोरा तुटू नये म्हणून अक्का साखळ्या लांब करायची, त्यावर धन भार आणखी वाढवायची, आणि गोळा अधिकच घट्ट व्हायचा. एका दिवाळीला ती आली, खाटेवर आडवी झाली आणि आढ्याकडं बघत हसायला लागली. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं. म्हणाली, "शैले, मी अव्वाची लेक हाय बग. वाटंत सुटंल म्हणून भेते, आणि निरगाठीवर निरगाठ मारायलेय. आत पोचल्यावर पेशीनं ती सोडायची कशी, ह्याचा इचारच केला न्हाई." इतकी वर्षं ज्या गोष्टीवरून आईशी भांडली, तीच चूक हिनं काचेच्या नळीत केली होती. अव्वा ओसरीवरून म्हणाली, "मग? कुणाची लेक हाय?"

मग तिनं साखळ्या आखूड केल्या. आखूड साखळीची पकड सैल. ती वाटेतच सुटायची, म्हणून दोन आखूड साखळ्या एकमेकींत अडकवायला असा दुवा घातला जो पेशीच्या बाहेर टिकतो आणि पेशीच्या आत गेला की तिथल्या रसानं आपोआप तुटतो. घरच्या माणसाच्याच हातानं सुटणारी गाठ. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी तिनं फोनवर फोटो पाठवला. काळ्या अंधारात हिरवे ठिपके. अव्वानं मोबाइल डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाली, "मूग सांडल्यावानी दिसायलंय." त्या वर्षीच अव्वा गेली. मुगाचे दाणे बघून गेली, ह्याचं मला बरं वाटतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. "अक्कांनी औषध काढलं म्हणे. नीलाला कवा देणार?" पिठाच्या गिरणीत विचारायचे, शाळेत विचारायचे. अक्का मात्र कुणाला आशेला लावायची नाही. ताटलीतल्या पेशी वेगळ्या आणि जिवंत अंग वेगळं, म्हणायची. ताटलीत जमलेलं गाठोडं उंदराच्या रक्तात गेलं की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटायची, कधी ते सगळं यकृतातच अडकायचं, स्नायूपर्यंत पोचायचंच नाही. पुन्हा मणी बदलायचे, पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा चिडून म्हणाले, "तिकडं परदेशात कुणीतरी काढतीलच की. तू कामून जीव मारायलीस?" ती म्हणाली, "काढू देत. माझंच पोचावं असं कुठं म्हणायलेय मी? कुणाचं का असंना, पोचू दे."

शेवटची भेट येळवशीची. त्या अमावस्येला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात जेवतं. ज्वारीत कडब्याची खोप केली होती. भज्जी, उंडे, आंबील, सगळं होतं. नीला आता पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात आहे, चाकाच्या खुर्चीवर असते. खुर्ची ढेकळांत चालत नाही, म्हणून तिच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला पाठीवर घेऊन खोपीत आणून बसवलं. अक्का तिच्या शेजारी. आंबिलीचा पेला नीलाच्या हातात जड व्हायचा, म्हणून अक्का खालून बोट लावून धरायची, कुणाला दिसू नये असं. मी समोर वाढत होते. नीला एकदम म्हणाली, "अत्ते, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार की."

"तुझं ते माझ्या वेळेला येतंय का?"

माझा हात भज्जीच्या पातेल्यातच राहिला. मनात म्हणत होते, अक्का, खोटं बोल. एकदा तरी खोटं बोल... अक्कानं पेला खाली ठेवला, नीलाचा हात आपल्या हातात घेतला. "न्हाई, बाळ. तुझ्या वेळेला न्हाई यायचं." मग म्हणाली, "पण मी करायलेय. मी हाय तवर करायलेय." मला वाटलं, पोरगी कोसळेल. नीलानं मान हलवली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलीस. मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्यापासून लपवायलाव." दोघी पुन्हा आंबील प्यायला लागल्या. मी खोपीमागं जाऊन ज्वारीच्या ताटांत तोंड खुपसून रडले. तेव्हा मला वाटत होतं की आधी जायची ती नीला.

फोन आला त्या दिवशी हैदराबादहून अक्काला आणलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून पुरतात. नव्या पातळात बसवली, कपाळाला विभूती, गळ्यातलं लिंग तळहातावर. मान खाली पडत होती, म्हणून कुणीतरी पाठीमागून कापड घेतलं आणि खांबाला बांधायला लागलं. मी बघत होते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. मला काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडले, "निरगाठ नका मारू हो तिला! सुरगाठ मारा!" बायकांनी मला धरलं, बाहेर नेलं, पाणी पाजलं. शैलाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाल्या. फक्त नीला खुर्चीवरून तिच्या अप्पांना म्हणाली, "अप्पा, सुरगाठ मारा." त्यांनी जाऊन गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. अव्वाच्या शेजारी आमच्याच शेतात, खोपीपासून थोड्या अंतरावर, तिला बसवलं.

अक्काची एक सवय होती. येताना पिशवी नको म्हणून ती एक गाठोडं आमच्याकडंच ठेवून जायची. घरात नेसायचं पातळ, फणी, जुना चष्मा. अव्वाच्या दस्तीत बांधून मधल्या खोलीतल्या खुंटीला लावायची. ती खुंटी तिनंच खाली ठोकून घेतली होती, नीलाचा हात पोचेल अशी. अलीकडं नीलाला ते उचलवेना, म्हणून अक्का दारात आली की गाठोडं तिच्या मांडीवर द्यायचं आणि नीलानं टोक ओढून सोडायचं, हा मान नीलाचा. ती सोडेपर्यंत अक्का चप्पल काढून उंबऱ्यातच उभी राहायची. "सोडलीस का गं? येऊ का आत?"

येळवशीला बांधलेलं ते गाठोडं अजून खुंटीला होतं. मी त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. झाडताना सुद्धा केरसुणी लांबून फिरवायचे. त्यातलं पातळ, फणी नुसत्या वस्तू हो... पण ती गाठ तिनं मारली होती. तिची बोटं त्यात होती. एकदा सुटली की संपली, मला काय तशी मारता येणार आहे?

ती गेल्यावर दुसऱ्या रविवारी नीला म्हणाली, "आई, गाठोडं दे."

"न्हाई."

"दे की."

"न्हाई म्हटलं ना! ऱ्हाऊ दे तिथंच."

"अत्ते आली की मी सोडायची, असंच हाय ना? मग आली की ती. शेतात बसलीय. आता कुठं जायची न्हाई." मग ती आपल्या बोटांकडं बघत हळू म्हणाली, "आणि आई, आज माझ्यानं सुटंल. पुढल्या वर्षी सुटंल का ते मला सांगता येत न्हाई."

मी गाठोडं काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं टोक चिमटीत धरलं, ओढलं, बोटं घसरली. पुन्हा धरलं. मी पुढं झाले तशी म्हणाली, "तू नको." मग तिनं टोक बोटाला गुंडाळून घेतलं, कोपर खुर्चीच्या हाताला टेकवलं आणि अंग मागं टाकलं. गाठ सुटली. दस्ती चारी बाजूंनी उघडली. फणीत दोन पांढरे केस होते, पातळाला तिच्या पावडरीचा वास. नीलानं उघड्या दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "ये अत्ते, सोडली." ...मी उंबऱ्याकडं बघू शकले नाही.

पातळ आणि फणी मी कपाटात ठेवली. दस्ती नीलानं मागून घेतली. आता कॉलेजला जाताना तिच्या डब्याला तीच बांधते मी, सुरगाठ मारून. मैत्रिणी जीव लावणाऱ्या आहेत, सोडून द्यायला तयार असतात, पण ती कुणाला हात लावू देत नाही. संध्याकाळी ती आली की मी आधी तिच्या मांडीकडं बघते. दस्ती घडी घालून ठेवलेली दिसली तर चहा टाकते. कधी कधी गाठ तशीच असते, सकाळी मी मारली होती तशी. तेव्हा ती हसून म्हणते, "होगली बिडु, आई." मी टोक ओढते, ताट एकच घेते, आणि ती गार भाकरी आम्ही दोघी मिळून खातो.